रोजची घाई, मुलं आणि खेळ: तुमच्या घरी काय चालतं?

अळूवडी (पर्वरी)

नमस्कार मंडळी. घरात साडेचार वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले. सकाळी बालरथ (शाळेची बस) दारात यायच्या आत मुलांच्या कानावर जे पडतं ते बहुतेक सगळं हुकूमच असतं. ऊठ, दात घास, दूध संपव, मोजे कुठे आहेत, दप्तर बंद कर. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. मोठं माणूसही दिवसभर एवढे हुकूम ऐकून घेणार नाही, मग मुलं अडून बसतात यात नवल ते काय?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे 'फेरीबोट' सुरू झाली. बेतीहून पणजीला आम्ही मुद्दाम फेरीने जातो, कारण मुलाला ती फार आवडते. आता न्हाणीघर म्हणजे पणजीचा धक्का आणि पलंग म्हणजे बेती. भोंगा वाजला की फेरी सुटते. फेरी चालवणार तो, दोर (म्हणजे टॉवेल) धक्क्यावर फेकणार ताई, आणि मी प्रवासी. मला 'लवकर चढा, फळी वर घेतोय' असं ओरडायचा हक्क त्याचा. आधी 'म्हाका न्हांवपाचें ना' (मला आंघोळ करायची नाही) म्हणून दाराच्या चौकटीला धरून बसणारा हाच मुलगा आता फेरी वेळेवर सुटावी म्हणून आपणहून कपडे काढून तयार असतो.

हे चालतं, पण का चालतं ते मला नीट समजून घ्यायचं आहे. सासूबाईंना वाटतं, अशाने मूल लाडावेल. शिवाय दमून घरी आल्यावर खेळायचं त्राण कुठून आणायचं? आणि जून ते सप्टेंबर घरात कोंडलेल्या मुलांसाठी आपल्या गोव्याकडचे जुने खेळ कोणते? अनुभव लिहा.

---

स्पष्टवक्ता (फोंडा)

ताई, धागा चांगला आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. आंघोळीचा खेळ, जेवणाचा खेळ, अभ्यासाचा खेळ असं सगळ्याचंच केलं तर मूल खेळाशिवाय जागचं हलणार नाही. उद्या परीक्षेला कोण भोंगा वाजवणार? आमच्या घरी पाणी भरणं, गोठा, आगरातली नारळाची झावळं ओढून आणणं ही कामं मुलं कामं म्हणूनच करायची. काम कंटाळवाणं असलं तरी करायचं असतं, हे लहानपणीच अंगी लागतं. खेळाला माझा विरोध नाही. खेळ अंगणात भरपूर असावा, पण काम हे काम.

---

सुरंगी (पेडणे)

वाचतेय. फेरीबोट फार आवडली, आमच्याकडे केरीची फेरी धरून चालेल. सवडीने लिहिते.

---

तळ्याकाठी (डिचोली)

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. स्पष्टवक्ता दादांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खेळात मूल स्वैर होतं असा आपला समज असतो. वर्गात मला रोज याच्या उलट दिसतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 मध्ये एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. खेळात मूल मनातल्या ऊर्मीविरुद्ध वागतं, कारण खेळाचा नियम पाळण्यातच त्याला आनंद मिळतो. पुढे मनुइलेंको या संशोधिकेने ते तपासलं, आणि ते काम 1948 साली प्रसिद्ध झालं. लहान मुलांना नुसतं 'हलू नकोस, उभा राहा' सांगितलं तर ती थोडाच वेळ टिकायची. पण 'तू पहारेकरी आहेस' म्हटल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ न हलता उभी राहिली. म्हणजे दादा, तुम्हाला हवा असलेला स्वतःवरचा ताबा खेळातच तयार होतो. आणि कामाचं म्हणाल, तर तुमच्या घरची मुलं झावळं ओढताना घोडागाडी करत नव्हती असं मला वाटत नाही. झावळावर धाकट्याला बसवून ओढणं आमच्या वाड्यावर तरी प्रत्येक पोराने केलेलं आहे. काम झालं आणि खेळही झाला.

पण एक फरक करायला हवा. मुलाला फसवण्यासाठी केलेला खेळ वेगळा आणि मुलाबरोबर केलेला खेळ वेगळा. 'बघू कोण आधी दूध संपवतं' असं म्हणताना माझं लक्ष फक्त रिकाम्या पेल्यावर असेल, तर मुलाला ते दोन दिवसांत कळतं आणि मग तो खेळ मरतो. अळूवडींची फेरी टिकली, कारण ती फेरी मुलाची आहे. कधी सुटायचं, कोणाला दटावायचं हे तो ठरवतो. दिवसभर लहान असणं, उंची न पुरणं, सगळ्यांचं ऐकून घेणं यातून तेवढा वेळ त्याची सुटका होते. म्हणून खेळ निवडताना मी एवढंच पाहते की यात मुलाच्या हातात खरोखर काही आहे का.

वर्ग आवरायला मी खडूचा डबा मुलांच्या हाती देते आणि मी विद्यार्थिनी होते. बाकं वेडीवाकडी असली तर ती मला ओरडतात. मी 'अय्या बाई, विसरले' म्हणून उलटंच बाक लावते. वर्गात हशा, आणि बाकं सरळ. यात माझा मान कुठेही कमी होत नाही. प्रार्थनेच्या वेळी मी एकदा पाहिलं की सगळे गप्प होतात.

आपल्याकडे हे काही नवं नाही. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. 1926 मध्ये ते आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि पुढे ताराबाई नि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी अंगणातच शाळा भरवली. खडे, पानं, बिया हेच तिथलं साहित्य. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. चांगलं झालं. पण शाळेत खेळ आणि घरी हुकूम, असं झालं तर मुलाचा अर्धा दिवस कोरडाच जाणार.

---

रात्रपाळी (वेर्णा)

बाई, पहारेकरी आवडला. आज रात्री करून बघतो.

अळूवडी ताईंच्या 'त्राण कुठून आणायचं' या प्रश्नावर लिहितो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी आहे. घरी येतो तेव्हा अंग आंबलेलं असतं. मी जमिनीवर चटई टाकून आडवा होतो आणि पोरांना सांगतो, मी डोंगर आहे, चढा. ती अंगावर चढतात, मी मधेच कूस बदलतो, भूकंप होतो. दुसरा खेळ म्हणजे, मी झोपलेला राक्षस, ती माझ्या उशीखालची किल्ली चोरणार. यात माझं काम डोळे मिटून पडणं एवढंच. आईला दहा मिनिटं मोकळीक मिळते, पोरांची रग जिरते, आणि नंतर जेवायला बसताना कटकट निम्मी होते.

अंगमस्तीचे आमच्या घरचे नियम ठरलेले आहेत. 'थांब' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, बापानेसुद्धा. विशेषतः गुदगुल्यांत. गुदगुल्या झाल्या की मूल नको असतानाही हसतं, त्यामुळे हसण्यावरून त्याला आवडतंय असं धरू नये. मुलाने 'थांब' म्हटलं आणि बाप थांबला, हे त्याने लहानपणीच अनुभवलं पाहिजे. आपल्या अंगावर आपला हक्क आहे हे त्याला यातून जेवढं पटतं तेवढं उपदेशातून पटणार नाही. मुलगी असो की मुलगा.

दुसरं, आपल्याकडे पाहुणे आले की मुलाचे हात धरून गरागरा फिरवतात किंवा एका हाताने वर उचलतात. साधारण 1 ते 4 वर्षांच्या मुलांचं कोपराचं हाड अशा ओढीने जागेवरून सरकू शकतं. काखेत हात घालून उचलावं.

तिसरं, मी हरतो. बहुतेक वेळा. पण अगदी सहज नाही. डोंगर चढायला थोडे कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर त्यांना मजा येत नाही.

---

सुरंगी (पेडणे)

सवड मिळाली. भीतीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते खेळाचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे आहे.

माझी मुलगी नरकासुराला भयंकर घाबरायची. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर ते प्रचंड पुतळे, लाल डोळे, सुळे, त्यात कानठळ्या बसवणारं संगीत, आणि पहाटे ते पेटवायचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते खरंच वाटणार. घरातले म्हणायचे, 'भिऊ नको, तो कागदाचा आहे.' ते तिलाही ठाऊक होतं, तरी भीती जात नव्हती.

मग आम्ही घरी वितीएवढे नरकासुर केले. वर्तमानपत्राचे बोळे, सुकं गवत, आगपेटीची डोकी. तिने एकाला दात लावले, एकाला चश्मा लावला, एकाला सर्दी झाली होती म्हणून रुमाल बांधला. आठवडाभर रोज ते नरकासुर तिला घाबरून पळायचे. ती कपाटामागून 'भो' करायची, मी नरकासुराच्या आवाजात 'आई गं, मेलो' म्हणून पडायचे. तोच खेळ, पुन्हा पुन्हा, मला कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्याही पुढे. चतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी तिने कारीट पायाच्या अंगठ्याने फोडलं आणि मग बाबांच्या खांद्यावर बसून नाक्यावरचा मोठा नरकासुर जळताना पाहिला. मांडी घट्ट आवळून बसली होती, पण घरी चला म्हणाली नाही. घरी येऊन गुळाचे पोहे दोनदा मागितले.

भीतीच्या खेळात मोठ्यांनी घाबरायचं, मुलाने घाबरवायचं. इंजेक्शनचंही तसंच. लसीच्या आधी बाहुलीला टोचायचं, आणि लस घेऊन आल्यावर तर नक्कीच. बाबांना टोचायचं, बाबांनी भोकाड पसरायचं. मुलं दवाखान्यातून आल्यावर तोच खेळ काढून बसतात तेव्हा 'पुरे आता ते' म्हणून थांबवू नका. मनात साचलेलं ती तिथे बाहेर काढत असतात.

---

अळूवडी (पर्वरी)

सुरंगी, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. रात्रपाळी दादा, डोंगर आजपासून आमच्या घरीही.

बाई, तुमच्या 'मुलाच्या हातात काय आहे' या प्रश्नावरून आठवलं. जेवणाचं काय करता? 'हा घास चिऊचा, हा काऊचा' करून आम्ही अख्खी वाटी भरवतो. मोबाईलपेक्षा बरं ना?

---

पुणे ते मडगाव (मडगाव)

अळूवडी, इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. आहारतज्ज्ञ म्हणून काम करते.

चिऊकाऊचे घास गोड आहेत, आणि नवी चव देताना, मूल रडवेलं असताना त्यांनी मन हलकं होतं. पण पोट भरल्यावर मूल तोंड फिरवतं, आणि आपण चिऊ, काऊ, हम्मा, शेवटी आजोबांचा घास करून उरलेला भात आत ढकलतो. तेव्हा खेळ मुलाच्या पोटाच्या विरुद्ध वापरला जातो. भूक किती आहे हे त्यालाच कळतं. काय वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते त्याने.

जेवणात खेळ हवाच असेल तर तो ताटात येण्याआधी आणा. वाल सोलणं, खोबरं किसताना किसणीपासून लांब बसून करवंटीतलं पाणी कोणाला ते ठरवणं, डोळे मिटून वासावरून ओळखणं: कोकम, तिरफळ, कोथिंबीर, हळदीचं पान. पातोळ्यांच्या दिवशी हळदीच्या पानावर पीठ थापायला मुलांना बसवा, नंतर ती आपली पातोळी शोधून खातात. माशांच्या बाजारात न्या. बांगडा, तारली, मुडदुशी, लेपो, ओळख बघू. लेपोचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का, हा प्रश्न आमच्याकडे महिनाभर पुरला.

दात घासताना मात्र हवा तेवढा खेळ करा, कारण तिथे पर्याय नाही. आधी मुलाने आईचे दात घासायचे, मग आईने त्याचे. दाढेमागे लपलेला भाताचा कण पकडायचा. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी, यापेक्षा जास्त नको.

---

स्पष्टवक्ता (फोंडा)

बाईंचा पहारेकऱ्याचा दाखला मनापासून पटला. आणि हो, झावळावर आम्हीही बसायचो.

तरी एक म्हणणं कायम आहे. रस्ता ओलांडताना हात धरणं, दुचाकीवर हेल्मेट, औषध, विहिरीच्या कठड्यापासून लांब राहणं, यात खेळ नको. तिथे आवाज एकच आणि स्पष्ट असावा. आणि दोन भावंडांत शर्यत लावू नये. 'कोण आधी' म्हटलं की धाकटा हरणार, रडणार, आणि थोरला माजणार. आमच्याकडे नातवंडं जमली की हे रोज दिसतं.

---

तळ्याकाठी (डिचोली)

दादा, दोन्ही मुद्द्यांना पूर्ण अनुमोदन. शर्यत लावायचीच तर दोघांनी मिळून घड्याळाशी, किंवा दोघं विरुद्ध आई. ताईने दप्तर भरलं, भावाने बाटली आणली, आणि आई अजून चप्पल शोधतेय. आई हरली की दोघं एका बाजूला येतात.

स्पष्ट आवाजाबद्दल एवढंच जोडते: दिवसभर प्रत्येक गोष्टीला तो आवाज वापरला नसेल, तरच रस्त्यावर तो मुलाला वेगळा ऐकू येतो.

---

जुना खेळगडी (माशेल)

सर्वांस नमस्कार. धागा नातीने वाचून दाखवला, लिहायलाही तिनेच मदत केली.

पावसाळ्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या माशेलात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो. अंगाला तेल लावून लहानथोर सगळे चिखलात उतरतात आणि मुलांचे खेळ खेळतात. कारकून, भटजी, दुकानदार, सगळे. बाळकृष्णाच्या बाललीलांचा हा उत्सव, त्यामुळे त्या दिवशी कोणाला मोठेपणा मिरवता येत नाही. ज्या पोराने आपल्या बापाला चिखलात लोळताना पाहिलं, त्याला बापाची भीती वाटत नाही, आणि मानही कमी होत नाही. शहरात राहणाऱ्यांनी मुलांना त्या दिवशी घेऊन यावं. जुने कपडे घालून, आणि नुसते बघायला नव्हे.

चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात तिचा, खेळ करा. माटोळी बांधताना मुलांना खाली उभं करून एकेक वस्तू हातात द्यायची: तोरिंग, चिबूड, आंबाडे, कवंडाळ, सुपारीचा शिपटो (घड). नाव विचारायचं, वास घ्यायला लावायचं. बांधून झाली की दर संध्याकाळी आरतीनंतर एकाने मनात एक फळ धरायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं. 'लाल आहे? रानातलं आहे? खाता येतं?' आमच्या घरी विसर्जनापर्यंत हाच खेळ चालतो. रानातल्या फळांची नावं आता मुलांना ठाऊक नसतात. शाळेतही कोणी शिकवत नाही. म्हातारी माणसं आहेत तोवर ती विचारून घ्या.

घरात कोंडलेल्या पोरांना सागरगोटे, चिंचोक्यांचा पट, दोरीचे पाळणे. आणि वीज गेली की भिंतीवर हातांच्या सावल्या. बॅटरी पोराच्या हातात द्या, तुमच्या नको.

---

सुरंगी (पेडणे)

आजोबा, नमस्कार पोचावा. चवथीला हा खेळ नक्की करणार.

बाई, एक विचारायचं होतं. पुतण्या तेरा वर्षांचा आहे. त्याच्याशी खेळायला गेलं की 'काकी, प्लीज' म्हणून खोलीत जातो. या वयात काय करायचं?

---

तळ्याकाठी (डिचोली)

सुरंगी, या वयात खेळ आपण सुचवू नये, त्याच्या खेळात शिरायची परवानगी मागावी. मोबाईलवर तो जे खेळतो ते मला शिकव म्हणा, आणि खरंच शिका. तुम्ही हराल, तो समजावेल, त्यातूनच बोलणं सुरू होतं. थेट समोरासमोर बसून ही मुलं बोलत नाहीत. शेजारी बसून हात कामात असले की बोलतात. कॅरम, गळाने मासे धरणं, फुटबॉल, आणि दिवाळीत तर नरकासुराचा सांगाडा. बांबू चिरायला, तारा वळायला मोठ्यांची मदत त्याला हवीच असते. तिथे हाताखालचा गडी म्हणून जा, सूचना देऊ नका. आणि चारचौघांत, त्याच्या मित्रांसमोर त्याची थट्टा कधीही नको. घरात चाललेली गंमत बाहेर अपमान होते.

---

रात्रपाळी (वेर्णा)

आजोबा, आमच्या वेळी मे महिन्यात काजूच्या बियांचा खेळ असायचा. पोरांना शिकवायचाय, पण नियम विसरलो. सांगाल का?

---

जुना खेळगडी (माशेल)

सांगतो. वाड्यागणिक नियम वेगळे असायचे, हे आमचे.

जमिनीवर हातभर रुंदीचं वर्तुळ काढायचं. प्रत्येकाने सारख्या बिया मधे ओळीने उभ्या लावायच्या. सात-आठ पावलांवर रेघ मारायची. रेघेवर पाय न ठेवता मोठी, जड बी नेम धरून मारायची. वर्तुळाबाहेर गेल्या त्या बिया मारणाऱ्याच्या. वर्तुळात अडकली तर मारायची बी तिथेच राहते आणि पाळी पुढच्याची. लहान पोरांना दोन पावलं पुढून मारायची मुभा, त्यावर भांडण करायचं नाही.

बिया कडकडीत वाळलेल्या घ्या. ओल्या बीच्या टरफलातला चीक अंगाला लागला तर कातडी भाजते. फोडू नयेत, तोंडात घालू नयेत, खेळून झालं की हात साबणाने धुवावेत. जिंकलेल्या बिया प्रत्येकाने आपापल्या डब्यात ठेवायच्या. आम्ही त्या हंगामाच्या शेवटी दुकानात विकायचो. तुमची पोरं काय करायचं ते तीच ठरवतील.